‘तुला आत्मिक समज नाही’ हे उत्तर नव्हे

दरवर्षी १ एप्रिल जवळ आला की आमच्या ख्रिस्ती ग्रुपवर एक ठरलेला जोक फिरतो, सगळ्यांचे सण असतात तसा नास्तिकांचाही एक दिवस असतो, तो म्हणजे आज, आणि खाली बायबलातल्या स्तोत्र १४ चं पहिलं वचन: मूर्ख आपल्या मनात म्हणतो, देव नाही. मग हसणारे इमोजी, दोनचार आमेन, एखादं हालेलुया. जोक म्हणून चालून जाईल एकवेळ. पण हाच फॉरवर्ड पुढे ढकलणाऱ्याला विचारा की त्याच स्तोत्राचं चौथं वचन काय आहे, बहुतेकांना सांगता येणार नाही. तिथे या लोकांचं काम काय ते लिहिलंय, ते माझ्या लोकांना भाकरी खावी तसं खाऊन टाकतात. म्हणजे स्तोत्र लिहिणाऱ्याच्या डोळ्यासमोर कॉलेजात डार्विन वाचून आलेला पोरगा नाहीये. गरिबाचं खाऊन ढेकर देणारा, आणि आपल्याला जाब विचारणारा वर कोणी नाहीच अशा थाटात जगणारा माणूस आहे. आणि तो हे ‘मनात’ म्हणतो हे पण बघा. तोंडाने तो काय म्हणत असेल, अर्पण देत असेल, उपासनेला पहिल्या रांगेत बसत असेल, त्याबद्दल स्तोत्र काहीच बोलत नाही. यशयाच्या ३२ व्या अध्यायात पण मूर्खाची ओळख हीच दिलीय, भुकेल्याला उपाशी ठेवतो आणि तान्हेल्याचं पाणी तोडतो.

बाहेरच्यांना मूर्ख म्हणणं सोपं असतं, त्यांना काही फरक पडत नाही, ते आपले ग्रुप वाचायलाही येत नाहीत. खरा त्रास आतल्यांना होतो. त्यांच्यासाठी वेगळं वचन राखून ठेवलेलं असतं, पहिलं करिंथ २:१४, म्हणजे प्रेषित पौलाने करिंथच्या ख्रिस्ती लोकांना लिहिलेल्या पहिल्या पत्रातलं: स्वाभाविक माणूस, म्हणजे ज्याच्यात देवाचा आत्मा नाही असा, आत्म्याच्या गोष्टी स्वीकारत नाही कारण त्या त्याला मूर्खपणाच्या वाटतात. कुणी काही विचारलं की हे वचन काढायचं, विषय बंद.

एका प्रार्थना सभेत बघितलेलं सांगतो. एक काका साक्ष द्यायला उभे राहिले, शुगरच्या गोळ्या विश्वासाने बंद केल्या, देवाने पूर्ण बरं केलं. टाळ्या. मागे एक सिस्टर बसली होती, म्हणजे दवाखान्यातली खरीखुरी सिस्टर, तिने बसल्या जागेवरून विचारलं, काका शुगर शेवटची कधी तपासली? एवढंच. आवाजात टोमणा नव्हता, काळजीच होती. पुढून माईकवरून उत्तर आलं, डोक्याने ऐकू नका ताई आत्म्याने ऐका, स्वाभाविक माणसाला या गोष्टी कळत नसतात, आणि लगेच कोरस सुरू. ती गप्प झाली, काका पण बसले, आणि शुगर किती होती ते कुणालाच कळलं नाही.

माझं म्हणणं असं आहे की बायबलच्याच मापाने मोजलं तर त्या हॉलमध्ये मूर्खपणा माईकवाल्याने केला. आणि हे मी चिडून बोलत नाहीये, वचनं उघडून बोलतोय.

आधी ते वचन ज्या पत्रातलं आहे ते पत्र बघू. करिंथ हे शहर ज्युलियस सीझरने इ.स.पू. ४४ मध्ये नव्याने वसवलेलं, दोन बंदरांच्या मधोमध, व्यापाराचा पैसा खेळता, जुनं खानदान कमी आणि नवश्रीमंत जास्त. अशा गावात माणसाची किंमत कशावर ठरते? कोण कसा दिसतो, कसा बोलतो, कुणाच्या वर्तुळात आहे यावर. चांगलं भाषण ठोकणाऱ्या वक्त्यांचे तिथे फॅन असायचे, आणि मंडळीतही, म्हणजे तिथल्या ख्रिस्ती समूहातही, तेच शिरलं, मी पौलाचा, मी अपुल्लोसाचा, मी केफाचा (म्हणजे पेत्राचा). ख्लोवेच्या घरच्या माणसांनी ही भांडणं पौलाला कळवली तेव्हा इफिसमध्ये बसून त्याने हे पत्र लिहिलं. आणि या भांडकुदळ, स्वतःला फार पोचलेले समजणाऱ्या लोकांना तो सांगतो की अरे तुम्ही ज्याच्या मागे आहात तो वधस्तंभावर मेलेला माणूस आहे, जगाच्या दृष्टीने हा नुसता मूर्खपणा आहे.

हा मूर्खपणा कोणत्या प्रकारचा ते समजून घ्यायला पाहिजे. तर्कात बसत नाही म्हणून मूर्खपणा असं पौल म्हणत नाहीये. वधस्तंभ ही गुलामाची, बंडखोराची शिक्षा होती, सभ्य घरात त्याचं नाव काढणं पण वाईट. रोमच्या पॅलेटाईन टेकडीवर १८५७ मध्ये भिंतीवर कोरलेलं एक चित्र सापडलं, वधस्तंभावर गाढवाच्या तोंडाचा माणूस, बाजूला हात वर केलेला एक जण, आणि खाली ग्रीकमध्ये खरडलेलं, अलेक्सामेनोस आपल्या देवाची भक्ती करतोय. कुणीतरी कुणाची तरी टर उडवलेली आहे. ग्रीक-रोमन माणसाला ख्रिस्ती विश्वास मूर्खपणा वाटायचा तो असा, ज्याची इतकी बेइज्जती झाली तो देव कसा असेल म्हणून. पौलाचा मारा प्रतिष्ठेच्या भुकेवर आहे. शुगर तपासण्यावर नाही. पौल स्वतः गमालिएल या यहूदी गुरूच्या पायाशी शिकलेला, अथेन्सला गेला तर ग्रीक कवींच्या ओळी तोंडावर फेकणारा माणूस, तो कशाला म्हणेल डोकं घरी ठेवून या.

आणि मुख्य मुद्दा तर पुढेच आहे. २:१४ नंतर दोनच वचनांनी अध्याय संपतो आणि आपले लोक तिथेच पुस्तक मिटतात. पौलाने अध्याय पाडले नव्हते, ते तेराव्या शतकाच्या सुरुवातीला स्टीफन लँग्टनने पाडले, आणि नव्या कराराला वचनांचे आकडे दिले रोबेर एस्तिएनने १५५१ मध्ये. करिंथच्या मंडळीत हे पत्र सलग वाचलं गेलं असणार, आणि तिसऱ्या अध्यायाची पहिली ओळ अशी आहे की भावांनो, मी तुमच्याशी आत्मिक लोकांशी बोलावं तसं बोलू शकलो नाही, तुम्ही दैहिक आहात, ख्रिस्तातली बाळं आहात. पुरावा काय देतो? तुमच्यात हेवा आणि भांडणं आहेत. म्हणजे ‘स्वाभाविक माणूस’ हे वर्णन ऐकून करिंथकर माना डोलवत असतील, बरोबर, ते बाहेरचे लोक तसेच आहेत, आणि पुढच्याच श्वासात पौल त्यांच्याकडे बोट करतो. जे वचन स्वतःला आत्मिक समजणाऱ्यांची हवा काढायला लिहिलं गेलं ते आपण दुसऱ्याची हवा काढायला वापरतो. याच पत्राच्या १४ व्या अध्यायात तर स्पष्ट लिहिलंय, संदेष्ट्यांपैकी दोघा-तिघांनी बोलावं आणि बाकीच्यांनी त्याची पारख करावी. पारख करावी! आपल्याकडे ‘प्रभूने मला दाखवलं’ असं कुणी म्हटलं की पारख करणाराच गुन्हेगार. थेस्सलनीकाकरांना तो लिहितो सगळ्या गोष्टींची पारख करा. बिरुयातले लोक तर खुद्द पौलाचं बोलणं खरं आहे का ते रोज शास्त्र उघडून तपासत होते, आणि प्रेषितांच्या कृत्यांत त्यांना त्यासाठी मोठ्या मनाचे म्हटलंय, बंडखोर नाही म्हटलं.

आता मूर्ख कोण. बायबलमध्ये मूर्खाची व्याख्या शोधत बसण्यापेक्षा एक मूर्ख जवळून बघितलेला बरा, पहिल्या शमुवेलाच्या २५ व्या अध्यायातला नाबाल. मावोनचा माणूस, धंदा कर्मेलात, ३००० मेंढरं, १००० शेळ्या. लोकर कातरायचे दिवस, म्हणजे घरात पैसा आणि जेवणावळी. दावीद तेव्हा शौल राजापासून पळत रानात फिरतोय, त्याच्या माणसांनी नाबालाच्या मेंढपाळांना महिनोन्‌महिने सांभाळलंय. तो दहा पोरं पाठवतो, नीट नमस्कार-चमत्कार करून, सणाचे दिवस आहेत तर हाताला येईल ते द्या म्हणून. नाबाल काय म्हणतो? कोण दावीद? हल्ली मालकाला सोडून पळालेले नोकर खूप झालेत. माझी भाकरी, माझं पाणी, माझ्या कातरणाऱ्यांसाठी मी कापलेलं मांस, ते मी कुठल्या कोण माणसांना देऊ? त्या एका वाक्यात ‘माझं’ किती वेळा येतं ते मोजा, आणि मग लूकच्या १२ व्या अध्यायातला तो श्रीमंत वाचा, माझं पीक, माझी कोठारं, माझं धान्य, ज्याला देव थेट ‘अरे मूर्खा’ म्हणतो. दोघांपैकी एकानेही देव नाही असं म्हटलेलं नाही हां.

दावीद ४०० माणसं घेऊन तलवारी बांधून निघतो. इकडे एक गडी धावत मालकिणीकडे, अबीगईलकडे जातो, आणि तो जे बोलतो ते मला या सगळ्या प्रकरणातलं सगळ्यात महत्त्वाचं वाक्य वाटतं. तो म्हणतो, बाई, ही माणसं रात्रंदिवस आम्हाला भिंतीसारखी होती, आता काय करायचं ते बघा, संकट ठरलेलं आहे, पण मालक असा आहे की त्याच्याशी कुणाला बोलताच येत नाही. बस. मूर्खाची याहून चांगली व्याख्या मला अख्ख्या बायबलमध्ये सापडली नाही, आणि ती दिलीय एका बिननावाच्या गड्याने. ज्याच्याशी बोलता येत नाही तो. नाबाल हुशार असणारच, चार हजार जनावरांचा धंदा कुणी बावळट करत नाही. त्याला काही सांगायची सोय नाही, एवढाच त्याचा रोग.

आणि त्याच गोष्टीत दावीद पण तलवार घेऊन मूर्खपणा करायलाच निघालाय, सकाळपर्यंत नाबालाच्या घरचा एकही पुरुष जिवंत ठेवणार नाही अशी शपथ वाहून. वाटेत अबीगईल गाढवांवर २०० भाकरी, अंजिराच्या २०० ढेपा, काय काय लादून आडवी येते, आणि एक बाई, तीही शत्रूची बायको, देवाने अभिषेक केलेल्या माणसाला सांगते की हे रक्त अंगावर घेऊ नकोस. दावीद काय म्हणू शकला असता? मी अभिषिक्त आहे, तुला कळत नाही, बाजूला हो. तो म्हणाला, धन्य तुझा शहाणपणा, तू मला आज रक्तपातापासून वाचवलंस. दोघेही तापट, दोघांच्याही हातात ताकद, फरक एवढाच की एकाला सांगता आलं आणि दुसऱ्याला नाही. आपल्या पाळकांना, म्हणजे पास्टरांना, दाविदाचा अभिषेक तेवढा आठवतो.

बायबलातलं नीतिसूत्रे हे पुस्तक तर या एकाच गोष्टीभोवती फिरत राहतं. ऐकून घ्यायच्या आधी उत्तर देतो त्याचा तो मूर्खपणा (१८:१३). पहिला बोलतो तो खरा वाटतो, मग दुसरा येऊन त्याला तपासतो (१८:१७). भोळा माणूस प्रत्येक शब्दावर विश्वास ठेवतो, शहाणा पाऊल टाकताना बघून टाकतो (१४:१५), ही ओळ खरं तर प्रत्येक फॉरवर्डच्या वर छापायला हवी. आणि २६:१२, ज्याला आपण शहाणे आहोत असं वाटतं त्याच्यापेक्षा मूर्खाबद्दल जास्त आशा आहे. म्हणजे हे पुस्तक भोळेपणाला विश्वास समजत नाही. परमेश्वराचं भय हा ज्ञानाचा आरंभ असं तेच पुस्तक म्हणतं, आणि ते भय असलेला माणूस कसा वागतो तेही तेच सांगतं, तो बोल लावलेला ऐकून घेतो.

अजून एक गोष्ट जी आमच्या बायबल स्टडीत सहसा कुणी सांगत नाही. ब्रिटिश म्युझियममध्ये इजिप्तचा एक पपायरस आहे, आमेनेमोपे नावाच्या माणसाची शिकवण, बज नावाच्या विद्वानाने तो १९२३ मध्ये छापला आणि पुढच्याच वर्षी एर्मान या जर्मन अभ्यासकाने दाखवलं की नीतिसूत्रांच्या २२:१७ पासूनच्या भागाशी तो जागोजाग जुळतो. गरिबाला लुबाडू नको, शेताची हद्द सरकवू नको, पैशाला पंख फुटतात, नीतिसूत्रांत तो गरुडासारखा उडतो तर इजिप्तमध्ये हंसांसारखा. बहुतेक अभ्यासकांचं मत आहे की इस्राएलच्या शहाण्यांनी हे तिकडून घेतलं. काहींना हे ऐकून धक्का बसतो. मला उलट भारी वाटतं. ज्या इजिप्तच्या गुलामीतून सुटका झाली त्याच इजिप्तचं शहाणपण पारखून, आपल्या देवाच्या नावाखाली बसवून पवित्र शास्त्रात ठेवायची हिंमत त्या लोकांत होती. आणि आम्हाला दवाखान्यातल्या सिस्टरचं ‘जगिक’ ज्ञान चालत नाही.

आता कुणी म्हणेल की वचन पाठ असलेला माणूस मूर्ख कसा असेल. बायबलातलं ईयोबाचं पुस्तक वाचा, संकटांनी मोडून पडलेल्या माणसाचं. त्याचे तिघे मित्र सात दिवस सात रात्री त्याच्याजवळ जमिनीवर गप्प बसले, तोपर्यंत उत्तम होते. मग तोंड उघडलं. देव न्यायी आहे, पापाला शिक्षा होते, पश्चात्ताप कर, एकेक वाक्य घेतलं तर भिंतीवर फ्रेम करून लावावं असं. ईयोब वैतागून म्हणतो, तुम्ही गप्प राहिलात तर तेच तुमचं शहाणपण ठरेल. आणि शेवटी देव कुणावर चिडतो? ज्याने प्रश्नांनी आभाळ डोक्यावर घेतलं त्या ईयोबाला तो झापतो जरूर, पण राग पेटतो तो मित्रांवर, माझा सेवक ईयोब बोलला तसं तुम्ही माझ्याविषयी बरोबर बोलला नाहीत म्हणून. मराठी माणसाला हे वेगळं समजावून सांगायला नको, समर्थांनी दासबोधात मूर्खाची लक्षणं सांगून झाल्यावर पढतमूर्खासाठी वेगळा समास लिहिला तो उगाच नाही. आजारी माणसाच्या उशाशी बसून ‘कुठलं तरी कबूल न केलेलं पाप असेल बघा’ म्हणणारे लोक आपण सगळ्यांनी पाहिलेत.

आपल्याच मातीतलं उदाहरण द्यायचं तर पंडिता रमाबाई. आमच्या प्रत्येक संमेलनात त्यांचा फोटो असतो, केडगावच्या मुक्तिमिशनचं नाव निघतं, मूळ भाषा शिकून त्यांनी बायबलचं मराठी भाषांतर केलं आणि ते त्या गेल्यावर १९२४ मध्ये छापून आलं हे अभिमानाने सांगितलं जातं. पण १८८३ मध्ये इंग्लंडात बाप्तिस्मा घेतल्यानंतर याच बाईंनी तिथल्या वाँटेजच्या मठातल्या सिस्टर जेराल्डाइनना जी पत्रं लिहिली ती कुणी वाचून दाखवत नाही. त्रैक्याच्या (पिता, पुत्र आणि पवित्र आत्मा मिळून एकच देव या) शिकवणीपासून चर्चच्या अधिकारापर्यंत प्रत्येक गोष्टीवर त्यांनी वाद घातला. तिकडून सूर असा की हा गर्व आहे, आज्ञाधारकपणा शिक. रमाबाईंचं उत्तर थोडक्यात असं की मला माझं मन आहे, विवेक आहे, निर्णयशक्ती आहे, आणि इकडच्या पुरोहितांचं जू मोठ्या कष्टाने मानेवरून उतरवलंय, आता तसलंच दुसरं घ्यायची माझी तयारी नाही. आजच्या एखाद्या मंडळीत कुणी मुलगी हेच बोलली तर तिला काय ऐकायला मिळेल ते तुम्हाला पण माहीत आहे. तिला आत्मिक समज नाही.

मग आत्मिक समज असं काही नसतंच का? असतं, मी मानतो. कमी शिकलेली आजी एखाद्या माणसाला एका नजरेत ओळखते, कुणाला क्षमा करायची वेळ आलीय हे कुणीही न सांगता तिला कळतं, हे पुस्तकातून येत नाही. पण ती समज खरी की खोटी हे ओळखायचं माप याकोबाने नव्या करारातल्या आपल्या पत्रात देऊन ठेवलंय, वरून येणारं ज्ञान शांतिप्रिय, सौम्य, समजूत होण्याजोगं असतं. समजूत होण्याजोगं, म्हणजे ज्याच्याशी बोलता येतं असं. नाबालाचा गडी आठवतो ना? माईकवरून दुसऱ्याचं तोंड बंद करणारी समज त्या यादीत कुठे बसते ते मला कुणीतरी दाखवावं.

आणि हो, सगळेच प्रश्न प्रामाणिक नसतात हे पण मान्य. काही लोक फक्त खेचायला येतात. नीतिसूत्रे २६:४ म्हणतं मूर्खाला त्याच्या मूर्खपणासारखं उत्तर देऊ नको, आणि लगेच २६:५ म्हणतं, दे. या विरोधामुळे जुन्या रब्बींमध्ये हे पुस्तक बाजूला ठेवायचा विचार झाला होता असं तल्मूद या यहूदी ग्रंथात आहे, मग तोडगा निघाला की शास्त्राचा विषय असेल तर उत्तर द्या, इकडतिकडच्या गोष्टी असतील तर सोडून द्या. म्हणजे ज्या विषयावर आम्ही वचन फेकून मोकळे होतो, नेमकं तिथेच नीट बसून उत्तर द्या असं त्यांचं मत पडलं. आणि समोरचा खेचतोय की खरंच विचारतोय हे ठरवायला आधी त्याचं ऐकावं तर लागेल. औषधाच्या बाबतीत तर खेचणं वगैरे प्रश्नच नाही. हिज्कीया राजा मरायला टेकला होता, देवाने यशया संदेष्ट्यामार्फत पंधरा वर्षं आयुष्य वाढवायचं वचन दिलं, आणि त्याच यशयाने सांगितलं की गळवावर अंजिराची ढेप बांधा. पौल तीमथ्याला पोटासाठी थोडा द्राक्षारस घे म्हणतो, विश्वास कमी पडतोय असं म्हणत नाही. लूक तर पेशानेच वैद्य. महाराष्ट्राच्या २०१३ च्या जादूटोणाविरोधी कायद्यात कुत्रा, साप किंवा विंचू चावलेल्याला वैद्यकीय उपचार घेण्यापासून रोखणं हा गुन्हा आहे, शुगरच्या गोळ्यांचं नाव त्यात नाही म्हणून ते चालतं असं कुणी समजू नये.

राहता राहिला पैसा, तिथे ‘आत्मिक समज’ सगळ्यात जास्त लागते असं दिसतं. दशांशाचं, म्हणजे लोकांनी दिलेल्या कमाईच्या दहाव्या हिश्श्याचं, काय झालं, नवीन गाडी कुठून आली, असं विचारलं की परमेश्वराच्या अभिषिक्ताला हात लावू नका. पण यरुशलेमच्या गरिबांसाठी वर्गणी गोळा झाली तेव्हा पौलाने काय केलं ते त्याच करिंथकरांना लिहिलेल्या दुसऱ्या पत्रात, ८ व्या अध्यायात आहे. त्याने एकट्याने पैसा नेला नाही. आपला सहकारी तीत याच्याबरोबर मंडळ्यांनी निवडून दिलेला आणखी एक भाऊ पाठवला, आणि कारण लपवलं नाही, एवढ्या मोठ्या रकमेवरून कुणी आमच्यावर ठपका ठेवू नये म्हणून, कारण आम्हाला फक्त प्रभूच्या नजरेत नाही तर माणसांच्या नजरेतही चोख राहायचंय. प्रेषित होता तो, चार भिंतींत दर्शन पाहिलं असं सांगून मोकळा होऊ शकला असता. आपल्याकडे सार्वजनिक विश्वस्त कायद्याखाली नोंदलेल्या ट्रस्टचं दरवर्षी ऑडिट होऊन हिशेब धर्मादाय आयुक्तांकडे जावा लागतो, म्हणजे कागद तयार असतोच. त्याची एक झेरॉक्स चर्चच्या नोटीस बोर्डावर लावायला दोन टाचण्या लागतात.